पट्टीला ओठ फुटतो तेव्हा

सुताराच्या पेटीतले रंधे आणि पटाश्या पाहून पाहणारा हरखतो; तळाशी पडलेल्या पोस्टकार्डाएवढ्या पोलादी पट्टीकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. ना मूठ, ना दांडा, ना दिसण्याजोगी धार. नाव स्क्रेपर, मी तिला खरवडपट्टी म्हणतो. जुने सुतार हेच काम फुटक्या काचेच्या तुकड्याने भागवीत. निवृत्तीनंतर मला व्हायोलिन बनवण्याचा नाद लागला आणि या पट्टीने माझ्या दुपारी ताब्यात घेतल्या. (नातीच्या मते आजोबा दिवसभर पत्रा घासतात.)

व्हायोलिनची पाठ मेपल लाकडाची. त्यातले वाघासारखे चमकणारे पट्टे हे त्याचे वैभव आणि तेच संकटही. तंतू नागमोडी असल्याने रंधा एका जागी सुरेख चालतो आणि बोटभर पुढे लाकडाचा लचका तोडतो. मग पॉलिशपेपर का नाही? तर पेपर लाकूड घासतो. त्याची धूळ छिद्रांत बसते आणि रोगणाखाली पट्टे धूसर दिसतात. पट्टी लाकूड कापते, म्हणून पट्टे झळकतात. इटलीतल्या क्रेमोनाचा स्त्रादिवारी १७३७ मध्ये वारला. त्याचे साचे, आराखडे आणि हत्यारे तिथल्या व्हायोलिन संग्रहालयात आहेत. त्याच्या काळी कारखान्यातला पॉलिशपेपर नव्हताच!

पट्टी निवडताना जाडी पाहावी. सपाट फळीला ०.८ ते १ मिलिमीटरची ताठ पट्टी बरी. व्हायोलिनच्या कमानदार अंगावर ०.४ची, बोटांच्या दाबाने वाकणारी. आतल्या खोलगट भागाला गोल कडेची. विकत मिळतात, पण जुन्या हातकरवतीच्या चांगल्या पात्यातून कापलेली पट्टी मला अधिक आवडते. हॅकसॉचे कडक पाते घेऊ नये. ते वळायला दाद देत नाही.

खरी गंमत धारेत आहे. पट्टी शेगड्यात धरून कड कानशीने सरळ, काटकोनात करायची. कानशीचे ओरखडे तेलाच्या दगडावर घालवायचे. बाजूही दगडावर सपाट फिरवायच्या. मग पट्टीहून कठीण, गुळगुळीत पोलादी दांडा कडेवरून दाबून ओढायचा, आधी सरळ आणि मग पाच-दहा अंश कलता. पोलाद किंचित वाहते आणि कडेला डोळ्यांना न दिसणारा ओठ वळतो. बोट कडेच्या बाहेर हलकेच सरकवले की तो अडखळतो. जोर फार झाला, तर ओठ जास्त वळतो आणि लाकडाला लागतच नाही.

पट्टी दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी जराशी वाकवावी आणि पुढे ढकलावी. कांद्याच्या पापुद्र्यासारखा कीस निघाला, तर धार ठीक. भुसा पडू लागला, तर दांडा पुन्हा हातात घ्यावा. अंगठे मात्र चटके बसण्याइतके तापतात. व्हायोलिनच्या पोटाचे स्प्रूस मऊ असते. बोथट पट्टी त्याचे मऊ थर नुसते दाबते, ते मागाहून फुगून वर येतात आणि पृष्ठभाग बारीक नालीदार होतो.

धार लावता लावता मला मिरज आठवते. तिथल्या सतार-तंबोरा घडवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस सरले आणि ते हात वाद्यांकडे वळले. जवारी काढताना घोडीवर कानस केसभर जास्त फिरली, तरी तंबोऱ्याचा गुंजारव बदलतो. धारेची समज ज्यांच्या रक्तात, त्यांनाच हे जमावे, यात नवल कसले? २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकन कागदावर मिळते. हे हात मात्र पुढच्या पिढीला बाकाशेजारी बसूनच मिळवावे लागतात.

माझ्या बाकावर सध्या एका व्हायोलिनचे पोट आहे. जाडी ३ मिलिमीटरजवळ आली आहे. टिचकी मारली की ते बोलते, पण अजून जरा दबल्या आवाजात. आणखी दोन-चार हात फिरवले तर कदाचित खुलेल. पण एकदा काढलेला कीस परत चिकटवता येत नाही. पट्टीला धार लावून ठेवली आहे. उद्या सकाळी खिडकीतून तिरपे ऊन आले, की उंचवटे नीट दिसतील, तेव्हाच ठरवीन.