डोंगरीचा तुरुंग आणि तेथील मुलें

गिरगांव चौपाटीकडून पूर्वेस जाणारा सरदार वल्लभभाई पटेल रस्ता, म्हणजे पूर्वीचा सँडहर्स्ट रोड, आपणांस डोंगरीस आणून सोडतो. मुंबई आणि माझगांव या बेटांमधील खाडी केव्हांच बुजली. उमरखाडी हें नांव तेवढें मागें उरलें. १८९६ च्या प्लेगनंतर इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें दाट वस्तींतून हा रुंद रस्ता काढला व या भागाचें रूप पालटलें. परंतु येथील सर्वांत मोठा पालट झाला तो तुरुंगाचा.

हा तुरुंग महाराष्ट्राच्या परिचयाचा झाला तो टिळक व आगरकर यांच्यामुळें. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल १८८२ च्या जुलैंत या दोघां तरुणांस चार महिन्यांची कैद झाली. १०१ दिवसांनीं, २६ ऑक्टोबरला, ते सुटले. आगरकरांनीं ते दिवस पुस्तकरूपानें लिहून ठेविले आहेत. पुढें दोनच वर्षांनीं, १८८४ मध्यें, डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तुरुंग भोगून आलेल्या या माणसांच्या हातीं पुण्याच्या पालकांनीं आपलीं मुलें विश्वासानें सोंपविलीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

१९२४ मध्यें मुंबई इलाख्यांत मुलांसंबंधीं कायदा झाला, १९२७ मध्यें चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, आणि तुरुंगाच्या जागीं रिमांड होम आलें. चुकलेल्या मुलास पक्क्या गुन्हेगारांच्या संगतींत ठेवूं नये, त्याची चौकशी निराळ्या न्यायालयांत व्हावी, हा त्यामागील विचार. आज त्यास निरीक्षणगृह म्हणतात.

जागेचा उपयोग बदलला. आपल्या बोलण्यांतील तुरुंग मात्र अजून तसाच आहे. हट्टी मुलास 'रिमांड होममध्यें टाकीन' असा धाक घालणारीं वडील माणसें सुशिक्षित घरांतही आढळतात. त्या एका वाक्यानें घरांतील मूल हें शिकतें कीं, तेथें राहणारीं मुलें वाईटच असावयाचीं. मग तेथून बाहेर पडलेल्या मुलास शाळेंत शेजारीं कोण बसवून घेणार? दुकानांत कामास कोण ठेवणार? २०१५ च्या बालन्याय कायद्यानें अशा मुलाचें नांव छापण्यास मनाई केली असून, लहानपणींच्या चुकीमुळें त्याची पुढील वाट सामान्यतः अडूं नये अशीही तजवीज केली आहे. परंतु शेजाऱ्यांच्या जिभेवर कायद्याचा अंमल चालत नाहीं.

टिळक-आगरकरांच्या त्या कैदेचा आपणांस अभिमान वाटतो. त्याच जागीं कांहीं काळ राहून आलेल्या मुलास निदान एक संधी देणें, हें त्या अभिमानास शोभण्यासारखें होईल. त्याचा आरंभ, तो धाक आपापल्या घरांतून काढून टाकून, आजच करतां येण्याजोगा आहे.