मांडव वाळला तरी ताट हिरवे राहू द्या

वर्षावास संपतो, दीक्षाभूमीवरून माणसे घरी परततात, त्याच सुमारास तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा परिसरात सांदवाडीतला पावसाळी भाजीपाला संपत येतो. दोडक्याची पाने पिवळी पडतात, काकडीचा वेल वाळतो, लवकी राठ होते. तलावाखालच्या बांध्यांत हलक्या धानाची कापणी सुरू होते आणि घरातली बाई सकाळपासून शेतावर जाते. दोन-तीन महिने घरची मिळणारी भाजी बंद होते, बाजाराची रोज परवडत नाही. मग ताटात भात, वरण आणि चटणी एवढेच उरते.

याचा पहिला फटका घरातल्या बायकांना बसतो, कारण त्या शेवटी जेवतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. म्हणजे दर दोन बायकांमागे एक.

आपल्या विदर्भात याला सिकलसेलची जोड आहे. हा आजार आईवडिलांकडून येतो आणि आपल्या समाजातही आहे. सिकलसेलमध्ये रक्तपेशी लवकर फुटतात, त्यामुळे शरीराला नव्या पेशी सतत बनवाव्या लागतात. त्यासाठी फॉलिक ॲसिड लागते आणि ते हिरव्या पालेभाजीत असते. भाजीने आजार बरा होत नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडायची नाही. पण पालेभाजी बंद झाली तर शरीराचा एक आधार जातो. त्यातच थंडी सुरू होते. थंडीने आणि पाणी कमी पिण्याने सिकलसेलचे दुखणे उसळते. म्हणून अशा घरात गरम कपडे, भरपूर पाणी आणि पालेभाजी या तिन्ही गोष्टी हव्यात. छातीत दुखणे, धाप किंवा ताप असेल तर घरी थांबू नका. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेले असू शकते.

आता वाडीकडे येऊ. सगळा मांडव एकदम पाडू नका. वालाच्या शेंगा थंडीतच येतात, त्या वेलाला आधार राहू द्या. प्रत्येक वेलावरचे एक चांगले फळ बियाण्यासाठी ठेवा. लवकी हलवल्यावर आत बी खुळखुळले की ते तयार झाले. बी सुकवून राखेत ठेवले तर किडत नाही.

वाळलेले वेल काढताना आधी काठीने हलवा. खाली साप-विंचू असतो. पायात बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. ओल्या गवतात बारीक किडे असतात, त्यांच्या चावण्याने स्क्रब टायफस हा ताप येतो. २०१८ साली नागपूर भागात त्याची साथ आली होती. चावल्याच्या जागी काळी खपली दिसू शकते, पण प्रत्येकाला दिसतेच असे नाही. गवतात काम केल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना तसे सांगा. लवकर कळले तर साध्या औषधाने बरा होतो. साप चावला तर झाडफूक नको, सरळ दवाखाना गाठा.

काढलेले वेल जाळू नका, खड्ड्यात कुजवा. मोकळ्या जागेत मेथी, पालक, सांभार, मुळा पेरा. ऑक्टोबरच्या मध्यात पेरलेली मेथी महिन्याभरात खुडायला येते, ६ डिसेंबरच्या आत पालकही ताटात येतो. सगळे एकाच दिवशी पेरू नका. दर पंधरा दिवसांनी एक वाफा पेरला तर भाजी तुटत नाही. जागा नसेल तर फुटक्या टोपल्यात, सिमेंटच्या धुतलेल्या पोत्यात वीतभर माती पुरते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी तिथे घाला, साबणाचे नको.

दारात मुंगना असेल तर त्याचा पाला तुमची हक्काची भाजी आहे. पालेभाजी उकडून पाणी फेकू नका, फॉलिक ॲसिड त्या पाण्यात जाते. भाजीवर लिंबू पिळा किंवा सोबत आवळा खा, त्याने भाजीतले लोह अंगाला लागते. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागते, म्हणून तासभर थांबा.

घरातल्या सगळ्यांची सिकलसेल तपासणी झाली नसेल तर आशाताईंना विचारा, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. लग्न जमवण्याआधी तर ती व्हायलाच हवी, कारण नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

आणि भाजी पहिल्यांदा शिजेल त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र जेवायला बसा. शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटातही ती तेवढीच पडली पाहिजे.