टोनी ग्रेगरी: अपक्षाच्या एका मताचं गणित

अपक्ष म्हटलं की आपल्याला बहुधा तिकीट नाकारलेला बंडखोर आठवतो. आयर्लंडमध्ये मात्र पक्षाविना वर्षानुवर्षं निवडून येणारे लोकप्रतिनिधी आहेत. हे कसं जमतं, ते डब्लिनच्या टोनी ग्रेगरी यांच्या कारकिर्दीतून छान उलगडतं.

ग्रेगरींचा जन्म १९४७चा, डब्लिनमधल्या कामगार कुटुंबातला. पेशाने ते शिक्षक. शहराच्या जुन्या मध्यभागात गोदीवरची कामं आटत होती आणि घरं मोडकळीला आली होती. घरांच्या प्रश्नावर काम करत ते १९७९ साली महापालिकेवर निवडून आले. १९८१ची संसदेची निवडणूक मात्र ते हरले.

पुढचं समजण्यासाठी आधी तिथली मतदानाची पद्धत पाहू. मतदार एकाच नावापुढे खूण करत नाही. तो १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत ज्यांनी मत दिलं असेल, त्यांना ही मतपत्रिका ओळखीची वाटेल. फरक असा, की आयर्लंडमध्ये एका मतदारसंघातून अनेक जण निवडले जातात.

निवडून यायला लागणाऱ्या मतांना कोटा म्हणतात. ग्रेगरींच्या डब्लिन सेंट्रलमध्ये पाच जागा होत्या. अशा ठिकाणी एकूण वैध मतांना सहाने भागायचं आणि एक मिळवायचा. वैध मतं ३६,००० असतील, तर कोटा ६,००१.

इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. दुसरी पसंती लिहिली की पहिल्या उमेदवाराचं नुकसान होतं, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. आपला पहिला उमेदवार स्पर्धेतून बाद झाला, किंवा कोट्याहून जास्त मतं मिळवून निवडून आला, तरच पुढची पसंती कामाला येते. म्हणून एखाद्या पक्षाचा कट्टर मतदारही, ‘दुसरं मत आपल्या गल्लीत राबणाऱ्या माणसाला’, असं निर्धास्तपणे म्हणू शकतो. अपक्षाला खरा आधार इथे मिळतो.

आता फेब्रुवारी १९८२. आदल्याच महिन्यात गॅरेट फिट्झजेराल्ड यांचं सरकार अर्थसंकल्पावर पडलं होतं. मुलांच्या बुटांवर कर लावायचा प्रस्ताव त्यात होता आणि जिम केमी या अपक्षाने विरोधात मत दिलं. नव्या निवडणुकीत ग्रेगरी डॉइलमध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, पोचले.

जागा १६६. फियाना फॉइल या पक्षाच्या ८१, फिने गेलच्या ६३, लेबरच्या १५. एका अपक्षाला सभापती केल्याने त्याचं मत बाजूला झालं. फियाना फॉइलचे चार्ल्स हॉही यांच्या बाजूला आणखी एक अपक्ष धरून ८२, तर समोर केमींसह ७९. उरले वर्कर्स पार्टीचे तिघे आणि ग्रेगरी. हे चौघे विरोधात गेले असते, तर पंतप्रधान निवडीच्या मतदानात हॉही ८२-८३ असे हरले असते. पण एकटे ग्रेगरी सोबत आले असते, तर बाकी तिघे उलटूनही ८३-८२ ने जिंकले असते. एका मताला एवढं वजन आलं ते असं.

हॉही आणि फिट्झजेराल्ड दोघेही ग्रेगरींशी बोलले. हॉही त्यांच्या समरहिल भागातल्या कार्यालयात गेले. ठरलं ते कागदावर उतरलं आणि त्यावर सह्या झाल्या. कामगारनेते मायकेल मुलन साक्षीदार होते. मतदारसंघात ४४० नवी घरं, उरलेल्या डब्लिनमध्ये १,६००, बंदरातली २७ एकर जागा आणि क्लोन्डॉकिनची कागदगिरणी सरकारी मालकीत, शिवाय रोजगार. ९ मार्चला हॉही ८६ विरुद्ध ७९ मतांनी पंतप्रधान झाले.

ग्रेगरींनी या कराराचे मुद्दे सभागृहातच सांगितले. मला हीच त्यांची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. मागितलं ते वस्तीसाठी मागितलं, आणि उघडपणे.

पण असा करार बहुधा जिथे फसतो, तिथेच हाही फसला. तो सरकारच्या आयुष्याला बांधलेला होता. वर्कर्स पार्टीने पाठिंबा काढला आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये सरकार पडलं. बरंच काही कागदावरच राहिलं.

अशा वेळी अपक्षाला सावरायला पक्षयंत्रणा नसते. ग्रेगरींना रोजच्या कामाने तारलं. हेरॉइनने त्यांच्या वस्त्यांतली पोरं संपत होती, तेव्हा गर्दच्या व्यापाऱ्यांविरुद्ध ते सातत्याने बोलले. गुन्हेगारीतून कमावलेली मालमत्ता जप्त करावी, असा त्यांचा आग्रह होता. पत्रकार व्हेरोनिका गेरिन यांच्या हत्येनंतर १९९६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. रस्त्यावरच्या विक्रेत्या बायकांच्या बाजूने निदर्शनं केल्याबद्दल ते दोन आठवडे तुरुंगातही जाऊन आले. सभागृहात ते कधी टाय बांधून गेले नाहीत.

१९८२ पासून ते एकही निवडणूक हरले नाहीत. २ जानेवारी २००९ ला कर्करोगाने त्यांचं निधन झालं. त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या सहकारी मॉरीन ओ’सलिव्हन त्या जागेवर निवडून आल्या, त्याही अपक्ष म्हणूनच.