चौकोनाची नक्कल

भ्रमणध्वनीच्या पडद्यावर परगांवीं असलेल्या मुलाचें पत्र वाचतांना आपण बोटानें मजकूर वर ढकलतों आणि तो निमूटपणें वर जातो. घरांतील पांच वर्षांच्या मुलालाहि त्याचें नवल वाटत नाहीं. परंतु खरें पाहतां तेथें कांहींच सरकलेलें नसतें. पडद्यावरील ठिपके आपापल्या जागीं खिळलेले असतात. त्यांचे रंग तेवढे पालटतात. हा भास निर्माण करण्याच्या कामीं ज्या एका साध्या क्रियेनें संगणकाला मोठें साह्य केलें, तिची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ती क्रिया म्हणजे चित्राचा एक चौकोनी तुकडा एका जागेवरून घेऊन दुसऱ्या जागीं जसाच्या तसा उतरविणें.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत पालो आल्टो या गांवीं झेरॉक्स कंपनीनें १९७० सालीं एक संशोधनसंस्था स्थापन केली. तेथें १९७३ सालीं ‘आल्टो’ नांवाचा संगणक तयार झाला. त्या काळीं एका मोठ्या यंत्रावर पुष्कळ जणांनीं पाळीपाळीनें काम करावें अशी रीत होती. आल्टो हा एका मनुष्यानें आपल्या टेबलाजवळ बसून वापरावयाचा होता. अ‍ॅलन के आणि त्यांचे सहकारी यांची तर इच्छा अशी कीं, लहान मुलांनींहि त्यावर चित्रें काढावीं आणि लिहावें. त्याच्या पडद्यावर आडवे ६०६ आणि उभे ८०८ असे ठिपके होते. प्रत्येक ठिपका काळा कीं पांढरा हें सांगण्यास स्मृतींतील एक बिट लागे. नुसत्या पडद्यासाठींच यंत्राच्या मूळच्या स्मृतीचा जवळजवळ निम्मा भाग खर्चीं पडे.

असा पडदा मिळाला खरा, पण तो चपळाईनें रंगवावयाचा कसा? अक्षर उमटविणें, मजकूर सरकविणें, एखादा भाग पुसणें हीं कामें दिसावयास वेगवेगळीं. १९७५ च्या नोव्हेंबरांत डॅन इंगॉल्स, डायना मेरी, लॅरी टेस्लर आणि बॉब स्प्राउल यांनीं तीं सर्व एकाच क्रियेंत बसविलीं. तिला नांव पडलें ‘बिटब्लिट’. चौकोन कोठून घ्यावयाचा, कोठें उतरावयाचा आणि त्याची लांबीरुंदी किती, एवढें सांगितलें कीं काम झालें. वाचकांस वाटेल, यांत बुद्धि ती कसली? पण या साधेपणाच्या पोटांत तीन अडचणी दडलेल्या होत्या.

पहिली अडचण हिशेबाची. आल्टोची स्मृति सोळा सोळा बिटांच्या गठ्ठ्यांनीं चाले. सोळा आण्यांचा रुपया ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे, त्यांना ही गोष्ट लवकर उमगेल. यंत्र देवघेव करणार ती सबंध रुपयांत. पण चित्र सुरू होणार एका रुपयाच्या पांचव्या आण्यापासून आणि उतरावयाचें दुसऱ्या रुपयाच्या अकराव्या आण्यावर. मग एका रुपयाचे शेवटचे आणे व पुढच्याचे पहिले आणे जुळवून नवा रुपया बांधावयाचा, आणि चौकोनाबाहेरच्या एकाहि आण्याला धक्का लागूं द्यावयाचा नाहीं. सबंध पडदा हलवावयाचा झाल्यास असे ३०,००० हून अधिक गठ्ठे हाताळावे लागत. हें काम पुढें इंगॉल्स यांनीं यंत्राच्या अगदीं आंतल्या आज्ञांत नव्यानें बसविलें, आणि त्याला खरा वेग आला.

दुसरी अडचण अधिक घातक. पोथीची नक्कल करणारा मूळ पोथी शेजारीं ठेवून लिहीत असे. येथें पुष्कळदां मूळ व नक्कल एकाच पानावर असतात आणि एकमेकांच्या अंगावर येतात. समजा, ‘क ख ग घ’ हीं अक्षरें एकेक घर उजवीकडे न्यावयाचीं आहेत. डावीकडून आरंभ केला तर ‘क’ हा ‘ख’ च्या घरांत बसतो आणि ‘ख’ वाचला जाण्यापूर्वींच नष्ट होतो. मग पुढच्या घरांत जातो तोहि ‘क’ च. शेवटीं हातीं येतें ‘क क क क क’. पंगतींत सर्वांनीं एकेक पाट उजवीकडे सरकावें असें ठरलें, तर उजव्या टोंकाच्या मनुष्याला आधीं उठावें लागतें, तसेंच हें. म्हणून बिटब्लिट आधीं दिशा पाहतो: उजवीकडे जावयाचें तर उजवीकडून आरंभ, खालीं जावयाचें तर खालून.

तिसरी अडचण उतरविण्याच्या रीतीची. जुनें पुसून नवें बसवावें, कीं जुनें राखून त्यावर नवें उमटवावें? आपली देवनागरी घ्या. ‘कि’ लिहितांना आधीं वेलांटीचा चौकोन उतरविला आणि मग ‘क’ चा चौकोन जुनें पुसून ठेवला, तर ‘क’ च्या डोक्यावर आलेली वेलांटीची कमान नाहींशी होईल. तेथें राखून उमटविण्याचीच रीत हवी. आणखी एक मौजेची रीत आहे: चौकोनांत जेथें काळें असेल, तेथें पडद्यावरील रंग उलटा करावयाचा. हीच क्रिया पुन्हां केली कीं पडदा पूर्ववत् होतो.

या एका क्रियेच्या बळावर आल्टोच्या पडद्यावर एकावर एक ठेवलेल्या कागदांसारख्या खिडक्या दिसूं लागल्या. मजकुरावर एखादी यादी उघडावयाची तर तिच्याखालीं झांकला जाणारा चौकोन आधीं स्मृतींत दुसरीकडे उतरून ठेवावयाचा, आणि यादी मिटतांच परत आणावयाचा. लिहिणाराचें एक अक्षरहि हरवत नाहीं. १९८५ सालीं बाजारांत आलेल्या ‘अमिगा’ संगणकांत या कामासाठीं यंत्राचा एक स्वतंत्र भागच बसविला होता, आणि त्याच वर्षीं निघालेल्या ‘विंडोज’ च्या पहिल्या आवृत्तींत या क्रियेनें त्याच नांवानें प्रवेश केला. आजच्या भ्रमणध्वनींत चित्रकामाची मांडणी पुष्कळ बदलली असली, तरी चित्राचे चौकोन एका जागेवरून दुसरीकडे नेण्याचें काम सुटलेलें नाहीं.

आम्हांस या हकीकतींत विशेष वाटतें तें हें. वर वर क्षुल्लक दिसणारें एक काम चार जणांनीं हलकें मानलें नाहीं. कडेचा आणा, अंगावर येणारी नक्कल, पुसली जाणारी कमान यांचा विचार त्यांनीं एकदांच पुरता केला; म्हणून पुढें खिडक्या आणि याद्या रचणाऱ्यांना तो पुन्हां पुन्हां करावा लागला नाहीं. घरांतहि ज्याच्या हातची मोजणी कधीं चुकत नाहीं, त्याची आठवण सहसां कोणी काढीत नाहीं. पण त्याच्यावर भिस्त ठेवून बाकीचे निश्चिंतपणें आपापल्या कामाला लागतात.