नेदरलँड्समधील मराठी कुटुंबांची शाळा व निवासी परिसराची निवड

नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये जाणाऱ्या मराठी कुटुंबांना मुलांची शाळा आणि राहण्याचा परिसर हे दोन निर्णय बहुधा एकाच वेळी घ्यावे लागतात. माहिती तंत्रज्ञान, अर्धवाहक उद्योग, वित्तसेवा व संशोधन या क्षेत्रांतील नोकऱ्यांमुळे ॲम्स्टरडॅम व त्यालगतचे आम्स्टेलफेन, आइंडहोवन आणि द हेग या शहरांत भारतीय कुटुंबांची वस्ती वाढली आहे. महाराष्ट्रात, उदाहरणार्थ अंबरनाथ, बदलापूर किंवा जांभूळ परिसरात, शाळा निवडताना माध्यम, परीक्षा मंडळ व शुल्क यांचा विचार प्रामुख्याने होतो. नेदरलँड्समध्ये त्यांत मुक्कामाचा अपेक्षित कालावधी आणि मुलाचे वय या दोन गोष्टींची भर पडते व बहुतेक वेळा त्याच निर्णायक ठरतात.

डच शिक्षणपद्धती

नेदरलँड्समध्ये वयाच्या ५व्या वर्षापासून शिक्षण सक्तीचे आहे. मात्र बहुसंख्य मुले ४थ्या वर्षीच शाळेत जाऊ लागतात. सक्ती १६ वर्षांपर्यंत असते आणि किमान पात्रता मिळाली नसल्यास ती १८ वर्षांपर्यंत लागू राहते. प्राथमिक शाळेत ८ इयत्ता असून त्यांना 'ग्रूप १' ते 'ग्रूप ८' असे म्हणतात.

१९१७ सालच्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक शाळा आणि धार्मिक वा विशिष्ट शिक्षणविचारांवर आधारलेल्या खासगी शाळा यांना समान सरकारी अनुदान मिळू लागले. त्यामुळे एकाच वस्तीत सार्वजनिक, कॅथलिक, प्रॉटेस्टंट, माँटेसरी व डाल्टन पद्धतीच्या शाळा शेजारी शेजारी आढळतात. या शाळांत शिक्षणशुल्क नसते. पालकांकडून मागितली जाणारी वर्गणी ऐच्छिक असून ती न भरल्यास मुलाला सहलीतून वा कार्यक्रमातून वगळता येत नाही.

ग्रूप ८ मध्ये, म्हणजे साधारण १२व्या वर्षी, शिक्षकांचा सल्ला व अंतिम चाचणी यांच्या आधारे विद्यार्थ्यांची तीन प्रवाहांत विभागणी होते. चार वर्षांचा 'व्हीएमबीओ' व्यवसायशिक्षणाकडे, पाच वर्षांचा 'हावो' उपयोजित उच्च शिक्षणाकडे आणि सहा वर्षांचा 'व्हीडब्ल्यूओ' विद्यापीठाकडे नेतो. चाचणीचा निकाल शिक्षकांच्या सल्ल्यापेक्षा सरस आल्यास सल्ला सामान्यतः वरच्या प्रवाहाकडे बदलला जातो. पुढे प्रवाह बदलणे शक्य असले तरी त्यात वर्षे खर्ची पडतात. दहाव्या-अकराव्या वर्षी नेदरलँड्समध्ये आलेल्या मुलासमोरची मुख्य अडचण येथेच आहे. गणितात हुशार असलेले मूलही डच भाषा पुरेशी न आल्यामुळे खालच्या प्रवाहात जाण्याचा धोका संभवतो.

शाळांचे पर्याय

स्थानिक डच शाळा : भाषा न येणाऱ्या मुलांसाठी अनेक शहरांत नवागतांचे वर्ग असतात. त्यांत साधारण एक वर्ष डच भाषेवर भर देऊन मुलाला नेहमीच्या वर्गात पाठवले जाते. १२ ते १८ वयोगटासाठी 'आयएसके' हे स्वतंत्र संक्रमणवर्ग आहेत. चार ते सात वर्षांची मुले खेळता खेळता भाषा आत्मसात करतात. म्हणून दीर्घ मुक्काम ठरलेल्या कुटुंबांसाठी हा पर्याय सोयीचा मानला जातो.

अनुदानित आंतरराष्ट्रीय शाळा : या शाळांत शिक्षण मुख्यतः इंग्रजीतून चालते. सरकारी अनुदानामुळे वार्षिक शुल्क काही हजार युरो इतके मर्यादित राहते. ॲम्स्टरडॅम इंटरनॅशनल कम्युनिटी स्कूल, इंटरनॅशनल स्कूल आइंडहोवन व इंटरनॅशनल स्कूल ऑफ द हेग ही त्यांची उदाहरणे होत. प्रवेशासाठी विद्यार्थी परदेशी नागरिक असावा लागतो व त्याचे पालक मर्यादित काळासाठी नेदरलँड्समध्ये नोकरीस असावे लागतात. तसे पत्र नोकरी देणाऱ्या कंपनीकडून घ्यावे लागते. डच नागरिकत्व असलेल्या मुलांना पालकांच्या नोकरीमुळे किमान दोन वर्षे परदेशात राहिलेले असणे यांसारख्या अटी लागू होतात.

खासगी आंतरराष्ट्रीय शाळा : आम्स्टेलफेनमधील इंटरनॅशनल स्कूल ऑफ ॲम्स्टरडॅम (स्थापना १९६४), वासेनारमधील अमेरिकन स्कूल ऑफ द हेग व द हेग परिसरातील ब्रिटिश स्कूल या शाळा या गटात मोडतात. भारतातील ॲमिटी शिक्षणसमूहाची शाळाही आम्स्टेलफेन येथे २०१८ साली सुरू झाली. वरच्या इयत्तांचे शुल्क वर्षाला २०,००० युरोंच्या आसपास वा त्याहूनही अधिक असू शकते. परदेशी कुशल कर्मचाऱ्यांसाठीच्या करसवलतीखाली कंपनीला हे शुल्क करमुक्त स्वरूपात भरून देता येते. मात्र तशी तरतूद नोकरीच्या करारात असावी लागते. ती नंतर मिळेल असे गृहीत धरल्यास दोन मुलांचे शुल्क संपूर्ण घरखर्चाचे गणित बिघडवू शकते.

मुक्काम व परतीचा विचार

मुक्काम दोन-तीन वर्षांचा असेल आणि मूल माध्यमिक वयाचे असेल, तर आंतरराष्ट्रीय शाळेत अभ्यासक्रमाचे सातत्य राहते. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था १९६८ साली जिनिव्हा येथे स्थापन झाली. तिच्या पदविकेला भारतीय विश्वविद्यालय संघाची बारावी समकक्ष म्हणून मान्यता आहे; तथापि अभियांत्रिकी वा वैद्यकीय प्रवेशासाठी विषयांची निवड आरंभीच तपासावी लागते. डच शाळेतून मध्येच परतणाऱ्या मुलाला मात्र मराठी, हिंदी व भारतीय अभ्यासक्रम यांची नव्याने तयारी करावी लागते. उलटपक्षी, आंतरराष्ट्रीय शाळेत अनेक वर्षे काढूनही डच न शिकलेले मूल शेजारच्या मुलांपासून दूर राहते आणि कुटुंबाने तेथेच स्थायिक व्हायचे ठरवल्यास ही उणीव भरून काढणे कठीण जाते.

निवासी परिसर

आम्स्टेलफेन हे ॲम्स्टरडॅमच्या दक्षिणेस असलेले स्वतंत्र शहर आहे. तेथे जपानी व भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती असून किराणा दुकाने व दिवाळीचा सार्वजनिक उत्सव यांमुळे नवागतांना आधार मिळतो. वेस्टवाइक हा तेथील कुटुंबवत्सल परिसर डिसेंबर २०२० पासून ट्राम क्रमांक २५ ने ॲम्स्टरडॅमच्या झाउद स्थानकाशी जोडला गेला आहे.

आइंडहोवन येथे फिलिप्स कंपनीची स्थापना १८९१ साली झाली. लगतच्या फेल्टहोवन येथे एएसएमएल या कंपनीचे मुख्यालय आहे. मेअरहोवन या नव्या वस्तीत त्यामुळे अनेक परदेशी कुटुंबे राहतात. द हेग येथे भारतीय दूतावास आहे. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास तेथून आलेल्या भारतीय वंशाच्या समाजाची तेथे मोठी वस्ती असून सरकारी अनुदानावर चालणाऱ्या हिंदू प्राथमिक शाळाही आहेत.

डच शाळेसाठी वस्तीनिहाय सक्ती नाही; तरीही घर व शाळा यांतील अंतराला महत्त्व आहे. ॲम्स्टरडॅममध्ये प्राथमिक प्रवेशासाठी घरापासूनच्या ८ जवळच्या शाळांत मुलाला अग्रक्रम मिळतो व जागा अपुऱ्या पडल्यास सोडत काढली जाते. आंतरराष्ट्रीय शाळांना प्रतीक्षायादी असते. म्हणून शाळेची जागा निश्चित करून मग घर घेणे श्रेयस्कर ठरते. घर भाड्याने घेताना पुढील बाबी तपासाव्यात :

• त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येते का. चार महिन्यांहून अधिक राहणाऱ्याने आल्यापासून ५ दिवसांत नोंदणी करावी लागते व त्यातूनच नागरिक सेवा क्रमांक मिळतो.
• अनामत रक्कम. जुलै २०२३ पासूनच्या कायद्यानुसार ती दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही.
• जवळचा कुटुंबवैद्य नवे रुग्ण घेतो का.
• मूल सायकलने शाळेत सुरक्षितपणे जाऊ शकेल का.

सुट्ट्या व उपस्थिती

शालेय सुट्ट्यांसाठी देशाचे उत्तर, मध्य व दक्षिण असे तीन विभाग असून उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची असते. सुट्टीबाहेर परवानगीविना मुलाला भारतात नेल्यास पालकांना दंड होऊ शकतो. स्वस्त विमानतिकीट हे कारण ग्राह्य धरले जात नाही. दिवाळी व होळी यांसाठी पूर्वसूचना देऊन प्रत्येकी एक दिवसाची रजा मिळते. जवळच्या नातलगाचे लग्न वा आजारपण यांसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज करता येतो.

मातृभाषेचा प्रश्न

स्थलांतरित गटांच्या भाषांसाठी प्राथमिक शाळांतून मिळणारे सरकारी पाठबळ २००४ साली बंद झाले. त्यामुळे मराठीचे शिक्षण घर, मंडळे व पालकांनी चालवलेले सुट्टीचे वर्ग यांवर अवलंबून आहे. शाळेत डच, वर्गमित्रांशी इंग्रजी आणि घरी मराठी अशी विभागणी लहान मुलांना सहज पेलते. मात्र घरातही पालक इंग्रजीकडे वळल्यास मराठी प्रथम लेखनातून व पुढे बोलण्यातून मागे पडते. सुट्टीत गावी आल्यावर आजी-आजोबांशी मुलाला दुभाष्याविना बोलता यावे यासाठी देवनागरी वाचन-लेखन शाळेच्या पहिल्या वर्षांतच सुरू करणे उपयुक्त ठरते.