दृष्टिबाधितांचे शिक्षण आणि बोलका संगणक

दृष्टिबाधित मुलांनी आपल्याच वस्तीतल्या शाळेत, इतर मुलांच्या शेजारी बसून शिकावे, हे समावेशित शिक्षणाचे सूत्र आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने त्याला कायद्याचे बळ दिले. किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते. पुस्तके आणि सहायक साधनेही मोफत मिळायला हवीत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पालिका शाळांनाही हा कायदा लागू आहे.

अल्पदृष्टी असलेल्या मुलाचे काम पुष्कळदा मोठ्या टाइपाने, भिंगाने किंवा पडद्यावरचे अक्षर मोठे करून भागते. ज्याला अजिबात दिसत नाही, त्याच्यासाठी बोटांनी वाचायची ब्रेल आणि ऐकून वाचायचा स्क्रीन रीडर असे दोन मार्ग आहेत. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एनव्हीडीए संगणकावर फुकट घेता येतो. अँड्रॉइड मोबाइलमध्ये टॉकबॅक असतो. तरीही ब्रेल सुटत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला सारखेच वाटतात. ऱ्हस्व-दीर्घ पक्के होते ते बोटांखालच्या टिंबांनीच.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणी, सहाव्या वर्षी गेली. शाळा दादरच्या कमला मेहता अंधशाळेत झाली. बारावी मात्र त्यांनी उल्हासनगरच्याच चांदीबाई महाविद्यालयातून केली आणि पदवी मुंबईच्या सेंट झेवियर्समधून घेतली. जॉज या स्क्रीन रीडरच्या आधारे अभ्यास करून त्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१६ च्या परीक्षेत १२४ व्या आल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या.

मात्र स्क्रीन रीडरला सगळेच वाचता येत नाही. शिक्षकांनी वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला, तर मुलाला बहुधा ‘फोटो’ एवढेच ऐकू येते. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका डोळ्यांना मराठी दिसते, पण तिच्या आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात; यंत्र तीच अगम्य बडबड वाचून दाखवते. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला की अडचण मिटते, आणि त्याला जादा खर्चही येत नाही. नकाशा आणि भूमितीच्या आकृत्यांना उठावाची रेघ लागते; जाड कागदावर चिकटवलेल्या सुतळीनेही ती करता येते.

राहतो तो फळा. ‘हे यात मिळवले की हे येते’ या वाक्यातून न दिसणाऱ्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही. ‘सातात पाच मिळवले की बारा’ म्हटले की गणित त्याच्यापर्यंत पोहोचते, आणि मागच्या बाकावरच्यांनाही ते नीट ऐकू येते. साधने पुरवणे ही शासनाची आणि पालिकेची जबाबदारी आहे. युनिकोडमध्ये टाइप करणे आणि फळ्यावर लिहिलेले मोठ्याने उच्चारणे, ही दोन कामे मात्र प्रत्येक शिक्षकाला उद्यापासून करता येतील, आणि ती करायलाच हवीत.