लाल चिखलातून क्ष-किरणरोधक टाइल्स

बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढल्यावर उरणारा लाल चिखल कॉस्टिक सोड्यामुळे दाहक असतो. हंगेरीतील आयका येथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी त्याच्या साठवण तलावाचा बांध फुटून दहा जण मृत्युमुखी पडले. भारतातही अ‍ॅल्युमिना कारखान्यांलगत हा चिखल साठत आहे.

भोपाळच्या सीएसआयआर-आम्प्री या संस्थेने त्यात बेरियमचे संयुग व बंधक मिसळून, भट्टीत भाजून क्ष-किरण रोखणाऱ्या टाइल्स तयार केल्या आहेत. चिखलात लोह व टायटॅनियम मुबलक असते. त्यांच्या जोडीला बेरियमसारखे जड मूलद्रव्य किरण शोषून घेते. रुग्णालयांतील क्ष-किरण कक्षांच्या भिंतींना सहसा शिशाचे पत्रे लावतात. ते शिसे विषारी. या टाइल्समध्ये ते वापरलेले नाही. मात्र चिखलाची घटकरचना बॉक्साइटनुसार बदलते. त्यामुळे भाजलेल्या टाइलमधून घातक घटक पाण्यात झिरपत नाहीत ना, ही चाचणी टाळता येणार नाही.